गुडमार अर्क, विस्टार रॅट आणि वजन: अर्क खाद्यातून द्यावा का?

प्रश्न (एम.फार्म., सातारा):
गुडमारच्या पानांचा अल्कोहोली अर्क विस्टार (प्रयोगशाळेतल्या पांढऱ्या) रॅटचं वजन उतरवतो का, हे बघायचंय. पाच गट: नॉर्मल (साधा आहार), नुसता स्निग्ध आहार, ऑरलिस्टॅट (वजन उतरवायचं औषध), अर्क २०० आणि ४०० मिग्रॅ/किलो. दर गटात ६ नर, ४२ दिवस. पेलेटच्या (रॅटच्या तयार खाद्याच्या गोळ्यांच्या) भुकटीत वनस्पती तूप कालवून त्यातच अर्क मिसळला, तर रोजचं गॅव्हाज (नळीने थेट पोटात देणं) वाचेल. चालेल का? पानं किती लागतील?

उत्तर १:
खाद्यात अजिबात नको. अर्क कडू, त्यामुळे जनावर खातंच कमी, वजन उतरतं आणि श्रेय अर्काला. त्यात गुडमारमधलं गुरमारिन हे पेप्टाइड रॅटच्या जिभेची गोडीच मारतं. ०.५ टक्के सीएमसीत (कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोज, दाटपणा आणणारी भुकटी) घोटून गॅव्हाजनेच द्या आणि नॉर्मलसकट बाकीच्या गटांनाही तेवढंच सीएमसी. ५ मिली/किलोने ४०० च्या मात्रेला ८० मिग्रॅ/मिली होतं. हे तळाशी बसतं, म्हणून दर सिरिंज भरताना हलवा. नाहीतर पहिल्या रॅटला पाणी, शेवटच्याला गाळ.

सरासरी वजन ३०० ग्रॅम धरा. ४०० च्या गटाला १२० मिग्रॅ × ६ × ४२, म्हणजे सुमारे ३० ग्रॅम. २०० च्या गटाला १५. सांडलवंड धरून ५० ग्रॅम. उतारा (पानांच्या वजनातून मिळणारा अर्क) १२ टक्के पडला तर साधारण ४२० ग्रॅम वाळली पानं. सगळा अर्क एकाच घाण्याचा हवा.

उत्तर २:
नुसतं तूप कालवलं की प्रथिनं पातळ होतात आणि वाढच खुंटते. किलोमागे हे घ्या: पेलेट भुकटी ३६५, डुकराची चरबी ३१०, केसीन (दुधातलं प्रथिन) २५०, जीवनसत्त्व-खनिज मिश्रण ६०, कोलेस्टेरॉल १०, मिथिओनिन (अमिनो आम्ल) ३, यीस्ट १, मीठ १ ग्रॅम. थोडं थोडं करा, फ्रीजमध्ये ठेवा. खवट वास आला की रॅट तोंड लावत नाहीत. जाळीखाली सांडलेला चुरा तोलून वजा करा. बहुतेकांचं ‘खाल्लेलं खाद्य’ इथेच चुकतं.

उत्तर ३:
गट पहिल्या दिवशी पाडू नका. विस्टारमधले काही या आहारावरही लठ्ठ होत नाहीत. आधी सहा आठवडे आहार, मग वजनं बघून वाटणी. जास्तीची जनावरं फॉर्म बीमध्ये (प्राण्यांवरच्या प्रयोगाच्या परवानगीच्या अर्जात) आधीच मागा. तिथेच सहावा गटही घाला: अर्क नाही, पण ४०० च्या गटाने आदल्या दिवशी खाल्लं तेवढंच खाद्य. दोन्हींचं वजन सारखंच उतरलं, तर अर्काने फक्त भूक मारली.

साताऱ्यात एप्रिल-मेत वीज गेली, खोली तापली की सगळेच कमी खातात. पावसाळ्यानंतर सुरू करा.

रोज लेंडी बघा. ऑरलिस्टॅटच्या गटात ती तेलकट दिसायलाच हवी. ४०० च्या गटात पातळ झाली, तर उतरलेलं वजन चरबीचं समजू नका. शेवटी एपिडिडायमल (वृषणाजवळची) आणि रेट्रोपेरिटोनियल (पोटाच्या मागच्या भिंतीलगतची) चरबी काढून तोला.