सामाजिक दायित्व, उत्तरदायित्व की बांधिलकी?

प्रश्न : एका कंपनीच्या सीएसआर (कंपनीची सामाजिक जबाबदारी) अहवालाचं मराठी करतोय. एकाच पानावर ‘सामाजिक दायित्व’, ‘उत्तरदायित्व’ आणि ‘बांधिलकी’ असे तिन्ही शब्द आलेत. एकच ठेवू का? आणि कर्मचाऱ्यांचं श्रमदान कशात धरायचं?

प्रतिसाद १ : एकच ठेवू नका. ‘दायित्व’ म्हणजे देणं, ताळेबंदात कर्जाच्या बाजूला बसणारा शब्द. कंपनी कायदा २०१३ चं कलम १३५ लागू झालं १ एप्रिल २०१४ पासून. नक्त मूल्य (देणी वजा जाता मालमत्ता) ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यांतला एक निकष लागला तरी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे किमान २ टक्के खर्चायचे. पूर्वी खर्च झाला नाही तर कारण लिहून भागायचं. जानेवारी २०२१ पासून उरलेली रक्कम ठरलेल्या खात्यात किंवा निधीत भरावी लागते, नाहीतर दंड. अशा पैशाला ‘बांधिलकी’ म्हणणं मला पटत नाही. बांधिलकी माणूस आपणहून पत्करतो.

प्रतिसाद २ : कर्मचाऱ्यांबद्दल. पाळणाघर, कँटीन, कामगारांच्याच मुलांना शिष्यवृत्ती हे या २ टक्क्यांत बसत नाही. त्याला आपला जुना शब्द आहे, ‘कामगार कल्याण’. तोच वापरा. श्रमदानाचे तासही रुपयांत मांडून सीएसआर खर्चात दाखवता येत नाहीत, केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाने २०२१ मध्ये तसा खुलासा केलाय. म्हणजे सुटीच्या दिवशी बंधाऱ्यावर दगड उचलणारा फिटर कायद्याच्या हिशेबात कुठेच नाही. ‘बांधिलकी’ हा शब्द त्याच्यासाठी राखून ठेवा.

मला खुपतं ते वेगळंच. सीएसआर समिती संचालकांची असते, तिथे कामगारांचा माणूस असलाच पाहिजे असं कायदा म्हणत नाही. कारखान्याभोवतीच्या परिसराला प्राधान्य द्या, एवढं मात्र म्हणतो. त्या परिसरात राहतो कोण? तर पाळीवर येणारा कामगार. शाळेला संगणक दिले पण स्वच्छतागृहात पाणी नाही, हे त्याला घरीच कळतं, कारण त्याची मुलगी त्याच शाळेत जाते. त्याला विचारायलाच हवं. आणि ‘उत्तरदायित्व’ तिथे लिहा, जिथे कंपनी गावाला जाब देते.

प्रश्नकर्ता : मग असं लिहितो : ‘सामाजिक दायित्वाच्या निधीतून शाळेची टाकी बांधली, खोदाईला कर्मचाऱ्यांनी श्रमदान केलं.’

प्रतिसाद २ : चालेल. टाकी कुणाच्या सांगण्यावरून बांधली, तेही लिहा.