एका डब्यात दोन? नको भाऊ

"दोन्ही टॅरांटुला (मोठे केसाळ कोळी) सारख्याच साइझच्या, पोटभर झुरळं टाकतो, मंग एका डब्यात काऊन नाही राहणार" असं विचारलं तुम्ही, पण भाऊ पोट भरलेलं असलं तरी कात टाकायची वेळ येतेच, तेव्हा अंग लोण्यासारखं मऊ असते अन् दुसरी तिलेच खाऊन टाकते. येमेनच्या सोकोत्रा बेटावरची निळी मोनोसेंट्रोपस बाल्फोरी, अशी एखादीच जात एकत्र राहते, तेही एकाच अंड्यांच्या पिशवीतली पिल्लं लहानपणापासून सोबत वाढवली तर, अन् त्यातही मोजायले गेलं की एखादी कमी भरू शकते. आमच्या धुऱ्यावरचे बिळातले मोठे कोळी पाहा, एका बिळात एकच! दोन डबे घ्या राजेहो, प्लास्टिकची बरणीही चालते, फक्त बारीक भोकं पाडा.