शब्दांना सात टक्के? मग इथे टाइप कशाला करताय?

शब्दवेल्हाळ : ‘थोरांकडून संवादकला’ या पोस्टखाली दोन ओळींत भागलं नसतं, म्हणून वेगळा धागा. तिथे लिहिलंय, संवादात शब्दांचा वाटा ७ टक्के, आवाजाचा ३८, देहबोलीचा ५५. सबब ‘काय बोलता ते गौण’. अहो, ते आकडे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७च्या दोन प्रयोगांतले. एकात सुटे शब्द वेगवेगळ्या सुरांत ऐकवले, दुसऱ्यात एकच शब्द आणि जोडीला चेहऱ्यांचे फोटो. ओळखायचं इतकंच, की बोलणाऱ्याला समोरचा आवडतोय की नाही. म्हणजे ५५ टक्के चेहऱ्याचे, हातवाऱ्यांचे नव्हेत. भावना आणि आवडनिवड सोडून हे सूत्र कुठेही लावू नका, असं खुद्द त्यांनीच बजावलंय. नाहीतर न येणाऱ्या भाषेतलं व्याख्यान आपल्याला ९३ टक्के कळलं असतं.

निवांत : टक्के चुकले असतील, मुद्दा चुकलेला नाही. पहिल्या मुलाखतीत माझी सगळी उत्तरं बरोबर होती, नजर मात्र टेबलावर. नोकरी हुकली.

शब्दवेल्हाळ : उत्तरं बरोबर होती हे तुम्हाला कुणी सांगितलं?

निवांत : घ्या! शब्द सगळे सभ्य, आणि सूर बघा. आणखी काय सिद्ध करायचं?

तिसरी घंटा : टक्केवारी राहू द्या, माझं दुखणं आहे माणसं जिंकायला शिकवणारे लेखक डेल कार्नेगी. १९३६च्या पुस्तकात त्यांनी सांगून ठेवलं, माणसाला स्वतःचं नाव सगळ्यात गोड लागतं. आमचे साहेब कुठल्याशा शिबिरात हे शिकून आले आणि तेव्हापासून दर वाक्यात माझं नाव. रजा नाकारतानाही दोनदा. आता घरात कुणी हाक मारली तरी पोटात गोळा येतो.

खडूस : नावाची थोरवी सांगणाऱ्या त्या गृहस्थांनी स्वतःच्या आडनावाचं स्पेलिंग मात्र बदललं होतं, पोलादसम्राट कार्नेगींशी जुळेल असं.

पायपीट : बारा वर्षं विक्रीत काढली आहेत, म्हणून बोलतो. ग्राहकांच्या मुलांची नावं लक्षात ठेवली म्हणून ऑर्डरी मिळाल्या. समोरच्यात मनापासून रस घ्या, हेही कार्नेगींनीच लिहिलंय. तुमच्या साहेबांनी तेवढं पान गाळलं.

तिसरी घंटा : नावं खरंच लक्षात राहायची, की वहीत लिहून ठेवायचात?

पायपीट : वहीत. काय फरक पडतो?

तिसरी घंटा : मला पडतो.

पायपीट : विसरणाऱ्यापेक्षा लिहून ठेवणारा बरा की नाही?

तिसरी घंटा : बरा. साहेबांपेक्षा तर नक्कीच, पण ती काही मोठी स्पर्धा नाही.

खडूस : जुनंच भांडण आहे हे. वक्तृत्व म्हणजे खुशामत, असं प्लेटोने सॉक्रेटिसच्या तोंडून म्हणवलं. त्याच्याच शिष्याने, ॲरिस्टॉटलने, वक्तृत्वावर अख्खा ग्रंथ लिहिला!

शब्दवेल्हाळ : मानसशास्त्रज्ञ सियाल्डिनींचंही तेच झालं. जवळजवळ तीन वर्षं ओळख लपवून ते विक्रीची प्रशिक्षणं घेत फिरले. १९८४च्या पुस्तकात मन वळवण्याची परतफेड, टंचाई, अधिकार वगैरे सहा तत्त्वं मांडली, ती लोकांनी सावध राहावं म्हणून. वाचलं कुणी? गळ टाकणाऱ्यांनी.

पायपीट : गळ? म्हणजे बारा वर्षं मी लोकांना फसवत होतो? शब्द जपून वापरा.

निवांत : जाऊ द्या हो, ७ टक्केच तर लागला.

शब्दवेल्हाळ : ‘गळ’ मागे घेतो, पायपीट यांच्यापुरता. वहीचं तिसरी घंटा बघून घेतील. आणि निवांत, हसलो. हे टाइप करून सांगावं लागलं, याची नोंद घ्यावी.