ॲप काढलं म्हणजे खातं गेलं का?

कॉलेजरोडकर :
फोनमधली जागा संपली की आपण ॲपवर बोट दाबून धरतो, 'अनइन्स्टॉल' करतो आणि सुटलो म्हणतो. जातं फक्त ॲप. नाव, नंबर, घरचा पत्ता, जुन्या ऑर्डरी कंपनीच्या सर्व्हरवर जिथल्या तिथे. माझं म्हणणं : आधी खातं डिलीट करा, मग ॲप काढा. उलट केलं की पुन्हा इन्स्टॉल करून लॉगिन करायचा कंटाळा येतो आणि ते राहूनच जातं.

सोय नाही असं म्हणू नका. ज्या ॲपमध्ये खातं उघडता येतं, तिथूनच ते डिलीटही करता आलं पाहिजे, असा नियम ॲपलने ३० जून २०२२ पासून लावला. गुगलने २०२३ मध्ये तसंच जाहीर केलं, वर वेबवरूनही विनंती करता यावी ही अट घातली. म्हणजे ॲप आधीच उडवलं असेल तरी मार्ग आहे.

सातपूर_सेकंड_शिफ्ट :
कागदावर बरोबर, व्यवहारात नसती कटकट. आमच्या कारखान्यातल्या लाइनवरची पोरं कॅशबॅकसाठी ॲप टाकतात, कॅशबॅक मिळाला की काढतात. प्रत्येकाचं खातं पुसत बसायचं का? आणि पुसून काय होतं? केवायसीची, म्हणजे ओळख पटवायला दिलेली, कागदपत्रं मनी लाँडरिंगच्या कायद्याखाली संबंध संपल्यावरही ५ वर्षं ठेवावी लागतात. जीएसटीचे हिशेब ७२ महिने. 'डिलीट' बटण हे मनाचं समाधान आहे.

कॉलेजरोडकर :
केवायसी ठेवतील, मान्य. पण तुमचं लोकेशन आणि तुम्ही रात्री दीडला काय शोधलंत, हे जपायला कुठला कायदा सांगतो? कर्जाच्या ॲपांना तर रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्येच बजावलंय : फोनमधले कॉन्टॅक्ट, कॉल लॉग, फोटो यांना हात लावायचा नाही आणि कर्जदाराला माहिती पुसायला सांगता आली पाहिजे. सगळं पुसलं जात नाही म्हणून काहीच पुसायचं नाही, हा कुठला न्याय?

निफाडचा_बागायतदार :
जरा थांबा, भाऊ. शहरातल्या ॲपचं ठीक आहे. आमच्या द्राक्षबागेच्या ॲपमध्ये गोडी छाटणीपासूनची, म्हणजे फळासाठी करतो त्या छाटणीपासूनची, प्रत्येक फवारणी असते : कुठल्या तारखेला कुठलं औषध, लिटरला किती, त्यानंतर काढणीला किती दिवस थांबायचं. माल युरोपात जायचा असेल आणि रेसिड्यूचा, म्हणजे मालात उरलेल्या औषधाच्या अंशाचा, प्रश्न निघाला, तर पहिली मागतात ती हीच नोंद. नवीन ॲप बरं वाटलं म्हणून जुन्याचं खातं पुसलं, तर अख्ख्या हंगामाचा पुरावा गेला. परत मिळत नाही.

म्हणून आधी नोंदी बाहेर काढा. पीडीएफ किंवा एक्सेल देत असेल तर उत्तम, नाहीतर तारीख दिसेल असे स्क्रीनशॉट. मग खुशाल पुसा. पुसायला माझा विरोध नाही बरं का. गट नंबर, एकरी उतारा, माल कधी तयार होणार, हे सगळं त्यात असतं. व्यापाऱ्याला ते आधीच कळलं तर बांधावर बोलायला आपल्याकडे उरतं काय? विरोध घाईला आहे.

नाशिकरोड_गृहिणी :
तुम्ही सगळे डेटावर भांडताय, पैशाचं कोणी बोलेना. ॲप काढलं म्हणून सबस्क्रिप्शन थांबत नाही. यूपीआयच्या ॲपमध्ये 'ऑटोपे' उघडून बघा, कधीचे विसरलेले मँडेट, म्हणजे पैसे आपोआप कापायला दिलेल्या परवानग्या, तिथे चालू दिसतील. खातं पुसलं की तेही आपोआप बंद होतील असं धरू नका, आपल्या हाताने रद्द करा. मग बाकीचं.

आणि सातपूरवाले दादा, नंबर बदलणाऱ्याचं काय? बंद केलेला नंबर ९० दिवसांनंतर दुसऱ्याला दिला जाऊ शकतो. जुनं खातं त्याच नंबरवर असेल तर ओटीपी त्याच्याकडे जाणार. नोव्हेंबर २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टासमोर हाच विषय होता. कोर्टाने सांगितलं ते हेच, की जुन्या नंबरचं व्हॉट्सॲप खातं आणि साठवलेला डेटा ग्राहकानेच पुसावा.

सातपूर_सेकंड_शिफ्ट :
नंबरचा मुद्दा घेतला. सिम सोडण्याआधी पुसायलाच हवं. पण बाकी ॲपांसाठी एवढी धावपळ मला अजून पटत नाही. डेटा संरक्षण कायदा २०२३ चा, नियम आले नोव्हेंबर २०२५ ला, आणि कंपन्यांवरची मुख्य बंधनं त्यानंतर १८ महिन्यांनी. म्हणजे मे २०२७, सिंहस्थाच्या तोंडावर. तोवर कंपनीने 'बघतो' म्हटलं तर कुणाकडे जायचं? तेव्हाच एकदम साफसफाई करू की.

कॉलेजरोडकर :
तेव्हा करा, पण तोवर कोणकोणत्या ॲपात खाती आहेत हे आठवणार आहे का? कायद्याची वाट बघायला हरकत नाही, बटण आजही आहे.

सातपूर_सेकंड_शिफ्ट :
आणि जिथे पासवर्डही आठवत नाही, नंबरही जुना, तिथे?

नाशिकरोड_गृहिणी :
प्रायव्हसी पॉलिसीच्या शेवटी बहुतेक तक्रार अधिकाऱ्याचा ईमेल असतो. खातं उघडताना दिलेल्या ईमेलवरूनच लिहा. ओळख पटवायला आधार मागितलं, तर आधी विचारा की खातं उघडताना कुठे मागितलं होतं.