रिव्हर रिज्युव्हनेशन म्हणजे नेमकं काय?

मुठाकाठ: कॉलेजचं प्रोजेक्ट मुळा-मुठेवर आहे. पुण्यातल्या ४४ किमीच्या नदीकाठ प्रकल्पाचं इंग्रजी नाव रिव्हर रिज्युव्हनेशन, लोक नदीसुधार म्हणतात, शिवाय रिव्हायव्हल आणि रिस्टोरेशन हेही शब्द दिसतात. सर म्हणाले सगळं एकच, मला काही पटत नाहीये. कुठे काय वापरायचं?

बांधावरचा: एकच नाहीये. बंद पडलेलं परत सुरू झालं की रिव्हायव्हल. राजस्थानात अलवरकडची अरवरी नदी घे, कोरडी पडलेली, तिथे तरुण भारत संघ ही संस्था आणि गावकरी १९८५ नंतर जोहड म्हणजे मातीचे बांध घालत गेले, पावसाचं पाणी जमिनीत मुरलं, विहिरी भरल्या आणि मग नदी वाहायला लागली. मुख्य काम नदीत नाही, वर पाणलोटात झालं! रिस्टोरेशन म्हणजे पूर्वीसारखं करणं, त्यासाठी आधीची वळणं, काठची झाडं, पुराचं पाणी कुठवर जायचं हे माहीत पाहिजे. रिज्युव्हनेशन म्हणजे नदी जिवंत आहे पण थकलीय, तिच्यात परत जोम आणायचा.

भूगोलवाली: भूगोलात याच शब्दाचा अर्थ वेगळा आहे हं, घोळ करू नकोस. जमीन उचलली गेली किंवा समुद्राची पातळी उतरली की नदी पुन्हा जोरात तळ कापायला लागते, काठाला पायऱ्या तयार होतात, त्यालाही रिज्युव्हनेशनच म्हणतात.

कोपऱ्यावरून: दक्षिण कोरियातल्या सोलची चेओंगगेचेओन पण बघ. वरचा उड्डाणपूल पाडून २००५ मध्ये ओढा उघडा केला, सुंदर झालाय, पण पाणी बहुतेक हान नदीतून पंपाने आणतात.

बांधावरचा: म्हणूनच म्हणतो, आधी पाणी बघ. पावसाळा सोडला तर खडकवासल्याच्या खाली पात्रात बहुतेक सांडपाणीच असतं, मे महिन्यात भिडे पुलावर उभं राहिलं तरी कळतं, काळं पाणी आणि वास. त्यामुळे जायका या जपानी सरकारी संस्थेच्या कर्जातून जी ११ मैलापाणी शुद्धीकरण केंद्रं ठरली ती मला रिज्युव्हनेशन या शब्दाच्या जास्त जवळची वाटतात. काठावर भिंत, जॉगिंग ट्रॅक, बाग याला सरळ रिव्हरफ्रंट डेव्हलपमेंट लिही. आणि रिज्युव्हनेशन लिहिलंस तर बीओडी (घाण कुजताना किती ऑक्सिजन लागतो) आणि डीओ (पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन) यांचे आधीचे-नंतरचे आकडे टाकच, प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या साइटवर मिळतील.

मुठाकाठ: मस्त, नदीकाठ आणि शुद्धीकरण केंद्रं, दोन्ही प्रकल्पांची वेगळी प्रकरणंच करते मग.