मॉरिस मायनर गाडीचं इंजिन: हिरवं की सोनेरी? रविवारपर्यंत ठरवायचंय

भाऊ, फोंडा:
मंडळी, इंजिनाचा ब्लॉक बोअर होऊन परत आला. सोमवारी मेस्त्री स्प्रे-गन घेऊन येतोय आणि घोडं रंगावर अडलंय. 948 सीसीचं इंजिन म्हणजे कारखान्यातून हिरवा रंग, एवढं मलाही ठाऊक आहे. डबा मिसळून आणलासुद्धा. पण काल डिस्ट्रिब्यूटरमागची खोबण घासलेटाच्या ब्रशाने घासली, तर काळ्या किटणाखाली नखाएवढा सोनेरी रंग निघाला. हिरव्याचा मागमूस नाही. तात्या, तुमच्याकडे असताना कोणी रंगवलं होतं का?
शिवाय पाऊस. भिंतीला हात लावला की ओला होतोय. चवथीला गाडी रस्त्यावर हवी, तेव्हा 'थांब' सोडून काहीही सांगा.

तात्या, म्हापसा:
आमच्या वडिलांनी 1959 साली नवीकोरी घेतली. मी तेल-पाण्यापलीकडे इंजिनाला बोट लावलेलं नाही. पितळी रंगाचा डबा एखाद्या मेस्त्र्याकडे उरला असेल, फासला असेल. हिरवा लाव आणि मोकळा हो.

दादा, लेस्टर:
भाऊ, थांब. (सॉरी.) जुनं इंजिन देऊन कारखान्यात पुन्हा बांधलेलं घ्यायची सोय बीएमसीने (मुंबई पालिका नव्हे, मायनर बनवणारी ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) ठेवली होती, त्याला गोल्ड सील म्हणत. ती इंजिनं सोनेरीच रंगवत. त्याहून स्वस्त ती सिल्व्हर सील, चंदेरी. म्हणजे हे इंजिन गाडीबरोबर आलेलं नसणार. ब्लॉकवर रिव्हेट मारलेली नंबरपट्टी असते, ती आरसी बुकशी ताडून बघ. नेमक्या छटेचा स्प्रे इथे मिळतो, डिसेंबरात येताना आणतो.

काकू, पर्वरी:
विमानात रंगाचा स्प्रे नेऊ देत नाहीत, हँडबॅगेतही नाही आणि चेक-इनलाही नाही. आमच्या ह्यांचे दोन डबे काढून घेतले, वर पाऊण तास उभं केलं. आणि चवथ डिसेंबरात नसते.

तात्या, म्हापसा:
'गाडीबरोबर आलेलं नसणार' म्हणजे काय? मी भाऊला बदललेलं इंजिन गळ्यात मारलं असं लेस्टरला बसून ठरवायचं? कागद पाहून घेतलीय त्याने गाडी.

चिरंजीव, मडगाव:
एक शंका. पोर्तुगीज काळातली गाडी, मग स्टिअरिंग उजवीकडे कसं?

तात्या, म्हापसा:
कारण गोव्यात गाड्या डावीकडूनच चालत. पोर्तुगालने 1928 मध्ये उजवी बाजू धरली, आपण नाही धरली. शेजारी सगळा ब्रिटिश मुलूख. शाळेत काय शिकवतात हल्ली?

सचिव:
ही मेल-लिस्ट मंडळाच्या कामासाठी आहे. मागे स्कूटरच्या कार्ब्युरेटरपायी नाटकाच्या तारखेचा मेल कोणी वाचलाच नव्हता. शुक्रवारी सहाला तालीम आहे, कळावे.

ताई, वास्को:
तालमीला येते. पण जहाजांच्या रंगकामात आयुष्य गेलं, त्यामुळे राहवत नाही. भाऊ, छटा राहू दे, डब्यात आहे काय? एनसी (नायट्रोसेल्युलोज) म्हणजे आपला ड्यूको असेल तर परत कर. पंपातून पेट्रोल झिरपलं की तो विरघळतो, आणि या हवेत मारलास तर पांढुरका धुरकटपणा येतो. पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन रंग, पेट्रोलला दाद देत नाही, पण त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. धुळीचा मास्क लावून तो मारणारे पाहिलेत, पुढे त्यांचा दमाही पाहिलाय. हवा पुरवणारा मास्क नसेल तर साधं इंजिन इनॅमल घे. ब्लॉक शंभर अंशांच्या आसपास राहतो, तेवढं त्याला झेपतं. एक्झॉस्ट मॅनिफोल्डला मात्र ते लावू नकोस, जळून पापुद्रे निघतील. त्याला सिलिकॉनचा हीट पेंट, तोही पातळ.
आता पाऊस. गोदीतला नियम असा की लोखंड दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं दव होतं त्यापेक्षा) निदान 3 अंश गरम हवं आणि आर्द्रता 85 टक्क्यांच्या आत. ताडपत्रीचा तंबू कर, आत ब्लॉकखाली दोन हॅलोजन रात्रभर लाव. बिडाचा जड ठोकळा तो, पटकन थंड होत नाही. सकाळी थिनरने पुसायचा, पुन्हा हात लावायचा नाही, आणि दिवे बाहेर काढून, विझवून, मगच गन सुरू करायची. प्रायमर त्याच सकाळी, नाहीतर दुपारपर्यंत तांबूस झाक दिसेल. हेड बसतं तो पृष्ठभाग आणि प्लगची भोकं टेपने झाकायला विसरू नकोस.

तात्या, म्हापसा:
हॅलोजन कशाला? आम्ही साठचा बल्ब लावून कोंबडीची पिल्लं वाढवली.

ताई, वास्को:
पिल्लांना प्रायमर लावायचा नव्हता, तात्या.

भाऊ, फोंडा:
डबा एनसीच निघाला. दुकानदार बदलून देतोय. दादा, नंबरपट्टी नाहीच. रिव्हेटची दोन भोकं आहेत फक्त. आरसी बुकातला आकडा चिखल सांडल्यासारखा, शेवटचे तीन वाचताच येत नाहीत. तेव्हा हिरवा मारतोय. खोबणीतला सोनेरी तुकडा टेपखाली तसाच ठेवतो, पुढे ज्याला भांडायचं असेल त्याला पुरावा. तात्या, राग सोडा, स्टार्ट करताना नारळ तुमच्याच हातून. ताडपत्रीची सोय झालीय.

सचिव:
कुठली ताडपत्री? स्टेजमागची असेल तर शुक्रवारी पाचच्या आत परत हवी. आणि हिरवा डाग पडता कामा नये.