मदत हवी आहे: पोहताना काही दिसत नसतानाही तलावाची भिंत सापडेल अशी स्ट्रोक-मोजणी (हातांचे फटके मोजणं) कशी घोटवून घ्यावी?

मंडळी, २००८च्या बीजिंग ऑलिंपिकमधली २०० मीटर बटरफ्लाय पोहण्याची शर्यत आठवा. अमेरिकेचा जलतरणपटू मायकेल फेल्प्सच्या गॉगलमध्ये पाणी भरलं, भिंत दिसेना. तो स्ट्रोक मोजत पोहला आणि १ मिनिट ५२.०३ सेकंदांत विश्वविक्रमासह जिंकला. याला नशीब म्हणणं मला अजिबात पटत नाही. ही तयारीच होती.

हेच १४-१५ वर्षांच्या मुलांकडून करून घ्यायचं आहे. अडचण शेवटच्या ५० मीटरची. पहिल्या लांबीत (तलावाच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत, ५० मीटर) २० स्ट्रोक लागत असतील, तर चौथीत दमल्यावर २३-२४ होतात, कारण पाण्याखालच्या किक कमी पडतात आणि हात आखूड पडतो. म्हणजे ताज्या अंगाने मोजलेला आकडा ऐन शर्यतीत दगा देतो. २५ मीटरच्या तलावातला आकडा दुप्पट करूनही भागत नाही, तिथे मधल्या टर्नचा (वळताना भिंतीला पाय लावून घेतलेला) ढकला फुकट मिळतो.

४ × ५० मीटर शर्यतीच्या वेगाने, मध्ये १० सेकंद विश्रांती, मोजणी फक्त चौथ्यात: एवढं पुरेल का? काळे गॉगल लावायचे तर अंध जलतरणपटूंसारखा काठीने टोकणारा माणूस भिंतीशी हवाच. पण तो असला की मुलं मोजणं सोडतील का? आणि स्पर्धेच्या किती आठवडे आधी हे थांबवावं?